भिंतीच्या बाजूची पट्टी

मारुती साळवेंचं नाव निघालं की लोक भरभरून बोलतात आणि मी पेपर उघडतो. खोटं कशाला बोलू, मी त्या माणसावर जळायचो. एखाद-दुसरं वर्ष नाही, चांगली नऊ-दहा वर्षं जळलो. आता आप्पा नाहीत, साळवेही नाहीत, माझं डोकं पांढरं झालंय. आता कबूल करायला काय हरकत आहे.

अंबरनाथ पश्चिमेला आमची बैठी चाळ होती. दहा खोल्या एका रांगेत, पुढं लांब ओटा, ओट्याच्या शेवटी नळ आणि तिथून दोन पायऱ्या उतरून पलीकडे संडास. आमची तिसरी खोली, साळवेंची नववी. ते एका केमिकलच्या कारखान्यात फिटर होते, शिक्षण सातवी. मी सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, चाळीतला पहिला. निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, विहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि येताना दहाही खोल्यांत पेढे वाटले. आप्पांनी जन्मभर भट्टीपुढं काम केलं ते पोरानं टेबलावर बसून काम करावं म्हणून. अशा घरातल्या डिप्लोमावाल्याला सातवी पास फिटरचा हेवा वाटावा, हेच आधी मला पचत नव्हतं.

दिसायला साळवे अगदीच साधे. बुटके, पोट थोडं सुटलेलं, गालात तंबाखू. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना ठिगळं, कारण दुसऱ्यांच्या घरात हा माणूस गुडघ्यांवर चालायचा. कुणाच्या पोराला पोलिओ झालाय, कुणाची म्हातारी पडून कंबर मोडलीय, कुणाला दिसायचं बंद झालंय, असं कानावर आलं की रविवारी साळवे तिथं हजर. आधी जमिनीवर बसायचे. मग डोळे मिटून घरातून एक फेरी मारायचे, भांड्यांना धडकायचे आणि भांड्यांना शिव्या द्यायचे. 'लंगडा', 'आंधळा' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "ह्यांचं अडतं कुठं?" एवढंच विचारायचे. आणि पायरी असो, मोरीचा कठडा असो नाहीतर संडासाची कडी, पहिला प्रश्न ठरलेला, "कोण वापरणार?" तुम्ही उंची सांगायला लागलात की हात वर करून थांबवायचे. "आधी माणूस सांग. उंची मग काढू."

टेप त्यांच्याकडे नसायची. खिशात सुतळीचा गुंडा असायचा. ज्याचं काम, त्याची वेगळी सुतळी. माणसाला बसवायचं, उभं करायचं, हात लांब करायला लावायचा आणि सुतळीला गाठी मारायच्या. कोपर इथं, गुडघा इथं, बसून हात पोचतो तो इथं. त्यांच्या खोलीत खिळ्याला अशा पंधरा-वीस सुतळ्या लोंबायच्या आणि कुठली कुणाची ते त्यांना नुसतं हाताला कळायचं. मी एकदा म्हटलं, "काका, इंचात लिहून ठेवा ना, सोपं पडेल." तर म्हणाले, "टेप भिंत मोजायला बरी रे विजू." मला वाटलं, हा माणूस माझ्या डिप्लोमाला टोमणा मारतोय. नसेलही मारला. पण मला लागला.

लग्नाला गेले की साळवे नवरा-नवरीकडे बघायचेच नाहीत. स्टेजच्या पायऱ्यांकडे बघत बसायचे आणि जेवताना शेजारच्याला सांगायचे की तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, कुणीतरी म्हातारं माणूस आपटणार. स्वतःच्या घराच्या दाराला मात्र तीन वर्षं कडी नव्हती. साळवेकाकू दाराला पाटा लावून झोपायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायच्या. मला त्या नसलेल्या कडीचा फार आधार वाटायचा.

कामावर आमची गाठ पडली ती उल्हासनगरला. मी कॅम्प चारमध्ये लालचंदसेठ म्हणून एका सिंधी बिल्डरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. सेठच्या आईचं एक अंग लुळं पडलं. घरात चाकाची खुर्ची आली, आणि घराला जोतं दीड फुटाचं. सेठ म्हणाले, "विजय, अम्मां के लिए रॅम्प बना. एकदम फर्स्ट क्लास." मी पुस्तक काढलं. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. म्हणजे मला अठरा फूट पाहिजेत, आणि दारापासून रस्ता नऊ फुटांवर. मी नऊ फुटांत बसवला. वर लाल कोबा घातला आणि असा घोटून घेतला की त्यात तोंड दिसावं. आमच्याकडं चांगल्या कामाची खूण म्हणजे चकाकी. शेजारचे दुकानदार येऊन हात फिरवून गेले. मग अम्मांना खुर्चीत बसवून दारात आणलं. त्यांनी खाली बघितलं आणि जो हात चांगला होता त्यानं चौकट घट्ट धरली. "ना बेटा," त्या म्हणाल्या, "ये तो फिसलपट्टी है. मुझे नहीं जाना."

रॅम्पला कडेचे पाइप बसवायला मीच साळवेंना बोलावलं होतं. ते आले, रॅम्पवर वरच्या टोकाला बसले आणि बसल्या बसल्या खालपर्यंत घसरत गेले. मुद्दाम. सेठ हसले, नोकर हसले. मी नाही हसलो. चाळीत मला 'अरे विजू' करणारे साळवे साइटवर 'साहेब, तुम्ही' म्हणायचे, ते जास्तच झोंबायचं. "साहेब, हा सरळ रस्त्यावर कशाला काढला? भिंतीला लागून न्या ना. अर्धा तिकडं, मधे खुर्ची वळायला जागा, अर्धा परत इकडं. तुमचे अठरा फूट बसतात." भिंतीला लागून सेठची नवी स्कूटर उभी असायची, तिच्यावर खास पत्रा घातलेला. सेठ म्हणाले, "फिर स्कूटर कहाँ जायेगी?" साळवेंनी तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात नेली. "सेठ, स्कूटर बाहर सो जायेगी. अम्मां को सुलाओगे क्या बाहर?"

माझा घोटलेला कोबा फोडला. नवा घातला तो ओला असताना साळवेंनी त्यात काथ्याची दोरी दाबून आडव्या खाचा पाडल्या. दिसायला गोठ्यासारखा. पण अम्मां दोन महिन्यांनी गल्लीत आल्या आणि आल्या आल्या भाजीवाल्याशी भांडल्या. सेठ तेवढ्यावर इतके खूश झाले की त्यानंतर ऑफिसात मी कुठलंही ड्रॉइंग पुढं ठेवलं की विचारायचे, "साळवे को दिखाया?" हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरलोही असतो. पण आप्पांचे डोळे गेले. काचबिंदू होता, कळला तेव्हा उशीर झालेला. आई आधीच गेली होती. घरात मी, माझी बायको सुनंदा आणि आप्पा. रोज सकाळी आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि मी त्यांना ओट्यावरून संडासापर्यंत न्यायचो, बाहेर थांबायचो, परत आणायचो. रांगेतले लोक त्यांना पुढं सोडायचे. त्यांना तेच जास्त लागायचं. तोंडानं काही म्हणायचे नाहीत, पण जेवण कमी केलं. सुनंदाच्या आधी लक्षात आलं. "संध्याकाळचं नकोच म्हणतात," ती म्हणाली. "पाणीसुद्धा चारनंतर घेत नाहीत. जायला लागू नये म्हणून चाललंय हे." सहा फुटी माणूस, तीन महिन्यांत शर्ट खांद्यावरून उतरायला लागला.

मी ठरवलं, हे काम माझं. साळवेंचं नाही. ओट्याच्या बाहेरच्या कडेनं, आमच्या दारापासून पायऱ्यांपर्यंत, पाइपचा कठडा. तीन फूट उंच, चंदेरी रंग. चार दिवस रजा टाकली आणि उभं राहून बसवून घेतला. आप्पांनी हात लावला, हलवून बघितला आणि म्हणाले, "मजबूत आहे." त्या दोन शब्दांवर मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांनी त्यावर धुणं वाळत घातलं. घालणारच. चाळीत आडवी दांडी कधी रिकामी राहिलीय? गोधड्या, साड्या, पोरांची दुपटी, सगळं. आप्पा सकाळी एकटे निघाले, चार खोल्या गेले आणि हात पडला तो कुणाच्या तरी ओल्या परकरावर. नळावरची पोरं हसली. आप्पा तिथंच उभे राहिले, हात वर धरून, सुनंदा धावत जाईपर्यंत. त्यानंतर त्यांनी कठड्याला हात लावला नाही. मी बायकांना सांगून बघितलं, भांडून बघितलं. त्यांनी जेमतेम दोन दिवस ऐकलं. वर एकजण मला म्हणाली, "विजूभाऊ, दांडी मात्र बेस्ट केलीत. गोधडी एका उन्हात वाळते."

साळवेंना मी बोलावलं नाही. आप्पांनी बोलावलं. मी ऑफिसातून आलो तर दोघं ओट्यावर, आप्पा उभे आणि साळवे त्यांच्या कोपराला सुतळी लावतायत. आमचे आप्पा डॉक्टरलासुद्धा धड हात लावू द्यायचे नाहीत, ते शिंप्यापुढं पोरगं उभं राहावं तसे उभे. "मारुती, गुदगुल्या होतात रे," म्हणाले आणि हसले. त्यांचं असं हसणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मी चपला काढून सरळ आत गेलो.

साळवेंनी कठड्याकडे बघितलंच नाही. त्यांनी काम केलं ते समोरच्या अंगाला, भिंतीवर. दोन दारांच्या मधे जेवढी भिंत, तेवढ्यात लाकडी पट्टी ठोकली, आप्पांच्या कोपराच्या जरा खाली. भिंतीला अशी चिकटलेली की तिच्यावर रुमालसुद्धा वाळत टाकता येईना. पट्टीच्या वरच्या कडेला पटाशीनं खाचा पाडल्या. आमच्या दारापाशी एक, नळापाशी दोन, पायऱ्यांच्या आधी तीन. पायऱ्यांच्या आधी जमिनीतही हातभर रुंदीचा बारीक खडीचा पट्टा घातला, अनवाणी पायाला टोचेल असा. मग ते खोलीखोलीत गेले आणि भिंतीलगतची पाण्याची पिंपं कठड्याकडे हलवून घेतली. माझं न ऐकणाऱ्या बायका त्यांच्यासाठी पिंपं ओढत होत्या. हे कसं जमलं म्हणून सुनंदानं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, एकेकीला डोळे बांधून नळापर्यंत चालवलं." जाता जाता आमच्या घरात शिरून त्यांनी माठ खाली उतरवला, आप्पांच्या हाताला येईल असा. मला विचारलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी मी ओट्यावर दात घासत उभा होतो. आप्पा माझ्यासमोरून गेले. एकटे. भिंतीला हात, दुसऱ्या हातात टमरेल, सावकाश. खडीवर पाय पडला तसे थांबले, दोन पायऱ्या उतरले, रांगेत उभे राहिले. कुणीतरी पुढं सोडायला लागलं तर म्हणाले, "मी नंबरात आहे." परत आले आणि सुनंदाला म्हणाले, "दोन भाकऱ्या टाक." सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. साळवे आपल्या दारात उभे राहून बघत होते. काम झालं की आठवडाभर असं लांबून बघायची त्यांची सवयच होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण वर आलं ते दुसरंच. लहानपणानंतर आप्पांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, आमच्याकडं तशी पद्धतच नाही. डोळे गेल्यावर रोज सकाळी दहा मिनिटं त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा. तो या माणसानं काढून घेतला होता, आणि सगळी चाळ त्याचे आभार मानत होती.

नंतर घरात मारुतीशिवाय बोलणं नाही. मारुती काय म्हणतो, मारुतीला विचार. सुक्या बोंबलाचं कालवण केलं की आधी एक वाटी नवव्या खोलीत. वाटी घेऊन आप्पा स्वतः जायचे, पट्टी धरून, आणि तासभर तिथंच बसायचे. दोघं कशावर इतकं बोलायचे कोण जाणे. मी ओट्यावर आलो की त्यांचं बोलणं थांबायचं, असं मला वाटायचं.

आता मी केलं ते सांगतो. जयंती जवळ आली होती आणि चाळीला रंग काढायचा होता. रंगाचं काम माझ्याकडे. पट्टीला मी निळा ऑइलपेंट सांगितला, दोन हात. रंगाऱ्यानं विचारलं, "साहेब, ह्या खाचा आहेत त्या पुट्टीनं भरून घेऊ का?" मी म्हणालो, "भर. साफ दिसलं पाहिजे." नंतर सगळ्यांना मी सांगितलं की माझ्या ध्यानात आलं नाही. चांगलं ध्यानात आलं होतं. आप्पा पडतील असं वाटलं नव्हतं, एवढंच खरं. मला वाटलं होतं, अडखळतील, गोंधळतील आणि मला हाक मारतील.

रंगाऱ्यांनी ठिपके पडू नयेत म्हणून पायऱ्यांजवळ गोणपाट अंथरलेलं होतं, नेमकं खडीवर. पट्टीवरचा रंग वाळल्यावर आप्पा सकाळी निघाले. हात गुळगुळीत लाकडावरून सरकत गेला, पायाला काही टोचलं नाही आणि ते दोन्ही पायऱ्या चुकून खाली गेले. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं. मी धावलोच. पण जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी हाक मारली ती "मारुती" अशी. ती हाक मी अजून विसरलेलो नाही.

साळवे आले. आधी आप्पांना उचललं, मग पट्टीवर बोटं फिरवली. नखानं थोडी पुट्टी उकरली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "रंगाऱ्याचा गाढवपणा, दुसरं काय." साळवे म्हणाले, "रंग चांगला लागलाय." बस. त्या दिवशी कारखान्यात गेलेच नाहीत. पटाशी घेऊन बसले आणि सगळ्या खाचा पुन्हा उघडल्या, आधीपेक्षा खोल. कुणाला काही बोलले नाहीत. चाळीत बोंब मारली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. चांगुलपणातसुद्धा हा माणूस माझ्या पुढं गेला, हे मला सहन झालं नाही. पुढं कितीतरी महिने मी त्यांना टाळलं.

आप्पा दहा-बारा दिवसांनी पुन्हा चालायला लागले. त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटच्या दिवशी सकाळीही स्वतः जाऊन आले, चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली. साळवे खांदा द्यायला माझ्या शेजारीच होते. ते मला आवडलं नाही आणि नको म्हणायची सोयही नव्हती.

वर्षभरात साळवे रिटायर झाले आणि बदलापूरला मुलाकडे राहायला गेले, मांजर्लीत. मी तोवर स्वतःची कामं घ्यायला लागलो होतो. तिथल्या एका साइटवर गेलो असताना दुपारी टपरीवर ते दिसले. गालातली तंबाखू सुटली होती, ठिगळं तशीच. "इंजिनेर," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. नदीचं पाणी येतं म्हणून इथं सगळेच जोती उंच बांधतात आणि म्हातारी माणसं घरात अडकून पडतात, अशी त्यांची तक्रार चालू झाली. मी हं हं करत होतो. मग माझं मलाच कळलं नाही, मी मधेच विचारलं, "काका, आप्पांनी तेव्हा तुम्हाला का बोलावलं? मी घरात होतो ना. माझं काम पसंत नव्हतं का त्यांना?"

साळवेंनी कप खाली ठेवला. "तुझ्या कामाचं कुठं काय. तू रोज उशिरा पोचायचास. सेठ तुला सगळ्यांसमोर बोलायचा म्हणे. तू सुनंदाला सांगत होतास ते आप्पांनी आतून ऐकलं." खरं होतं. त्या महिन्यांत सेठ मला रोज घड्याळ दाखवायचे आणि मी घरी येऊन चिडचिड करायचो. आप्पा झोपलेत असं समजून. "दुसऱ्या दिवशी भिंत चाचपत माझ्या दारात आले," साळवे म्हणाले. "दोनदा पडले असतील वाटेत. म्हणाले, मारुती, माझ्यापायी पोराची नोकरी जाईल. मला एकट्याला जाता येईल असं काहीतरी कर. आणि मी असं म्हणालो ते त्याला कळू देऊ नकोस, तो रजा टाकून बसेल."

मी म्हटलं, "नंतर तरी मला सांगायचं ना त्यांनी."

"तुला कसं सांगणार?" साळवे म्हणाले. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

तेवढ्यात समोरच्या गल्लीतून एका बाईनं त्यांना हाक मारली. कुणाचं तरी काहीतरी अडलं असणार. चहा तसाच ठेवून ते उठले, "येतो रे विजू" म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत गल्लीत शिरले. तेच त्यांचं शेवटचं दिसणं. मी बाकावर बसून राहिलो. आप्पा माझ्यासाठी एकटे चालायला शिकले होते, आणि ते त्यांनी साळवेंना सांगितलं होतं. मला नाही.